पंधरा मोटरी, एक डीपी: सेल्फ-ऑर्गनायझिंग सिस्टिमचा प्रत्यक्षात उपयोग केलाय का कुणी?

शेवटचा_खांब (धागाकर्ता)
मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.
मी मेकॅनिकलवाला, नोकरी पुण्यात, शेती नगर जिल्ह्यात नदीकाठी, पंधरा दिवसांनी चक्कर असते. आमच्या १०० केव्हीएच्या डीपीवर (म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर) १५ मोटरी आहेत, सगळ्या ५ एचपीच्या. आणि सगळ्यांनी स्टार्टरला ऑटो (लाईट आली की आपोआप मोटर लावणारा स्विच) बसवलेत, कारण थ्री फेज रात्री एक वाजता आली तर बिबट्याच्या वाटेने बटण दाबायला कोण जाणार. आता होतं काय, की लाईट आली रे आली की पंधराच्या पंधरा एकदम उचलायला बघतात, बल्ब काजव्याएवढा होतो, मोटरी नुसत्या घुंऽऽ करत बसतात आणि डिओ, म्हणजे डीपीवरचा फ्यूज, उडतो. वर्षभरात डीपी दोनदा जळाली. दुसऱ्या वेळी बदलून यायला बारा दिवस लागले, कांदा रोपातच गेला.
मागच्या महिन्यात ऑफिसात एकाने सेल्फ-ऑर्गनायझिंग सिस्टिमवर भाषण दिलं. मुंग्या, पक्ष्यांचे थवे, हार्वर्डचे ते १०२४ छोटे रोबो जे कुणी न सांगता चांदणीचा आकार करतात वगैरे. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की मोटरींना का जमू नये? वर कुणी साहेब नाही, मोबाईलला रेंज नाही, एकमेकींत वायर टाकायची नाही, प्रत्येकीने आपलं आपण बघून सुरू व्हायचं.
तर दोन प्रश्न. एक, हे होईल का. दोन, ही भानगड खरोखर कुठे वापरात आहे की नुसती पेपर छापण्यापुरती?

कडू_कारलं
ऑटो काढून टाका. धागा बंद करा.

शेवटचा_खांब
कारलेभाऊ, रात्री एकला तुम्ही या बटण दाबायला. बॅटरी माझी.

मुंगीताई
पेपरापुरतं नाहीये हो. मुंग्यांवरून निघालेली पद्धत डिलिव्हरीच्या गाड्यांचे मार्ग लावायला वापरतात. मार्को डोरिगोने १९९२ च्या प्रबंधात मांडली, मिलानमध्ये. मुंगी जाताना वास सोडते, जवळच्या वाटेवरून फेऱ्या लवकर होतात म्हणून तिथे वास साठतो, मग बाकीच्या तिकडे वळतात. एवढं सगळे सांगतात. पण यातली खरी मेख वास उडून जाण्यात आहे, आणि ती भाषणात कुणी सांगत नाही. वास उडाला नाही तर पहिल्यांदा चुकून सापडलेली लांबची वाटच कायमची होऊन बसते. म्हणून कॉम्प्युटरवर करतानाही वास किती वेगाने उडवायचा हा आकडा मुद्दाम ठरवावा लागतो. विसरणंसुद्धा डिझाइन करायचं असतं.
तुमच्या मोटरींमध्ये 'वास' कोण आहे ते आधी शोधा. एकमेकींशी बोलायचं नाही म्हणताय, मग मधे काहीतरी पाहिजे ज्यावर एकीची खूण उमटेल आणि दुसरीला ती कळेल. वाळवीच्या वारुळाबद्दल ग्रासे या फ्रेंच माणसाने १९५९ मध्ये हेच लिहिलं, वाळवी दुसऱ्या वाळवीचं ऐकत नाही, ती झालेलं बांधकाम बघते आणि पुढचा गोळा ठेवते.

वायरमन_वाघ
ताई खूण उमटते की, व्होल्टेज पडतं!
आधी हिशोब घ्या, मग मुंग्या. १०० केव्हीए डीपी म्हणजे एलटी साइडला (मोटरींकडच्या कमी दाबाच्या बाजूला) साधारण १३३ अँपिअर. ५ एचपीची मोटर चालू स्थितीत साडेसात अँपिअर धरा, १५ मोटरी म्हणजे ११२. म्हणजे चालवायला डीपी पुरते, बळंबळं का होईना. पण डायरेक्ट स्टार्टरवर मोटर उचलताना सहापट घेते, ४५ अँपिअर. १५ गुणिले ४५ = ६७५. डीपीच्या पाचपट. व्होल्टेज बसतं. आणि मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, व्होल्टेज ७० टक्के झालं की जोर निम्म्यावर. मग मोटर वेग घेत नाही, वेग नाही म्हणून करंट उतरत नाही, करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज वर येत नाही. सगळ्या एकमेकींचे पाय धरून बसतात. तुमचं ते घुंऽऽ म्हणजे हेच.
त्यात गावातला एखादा हुशार डिओत जाड तार घालतो, म्हणजे डिओ उडत नाही. मग डीपीच उडते. तुमच्याकडे घातली असणार, लिहून देतो.

शेवटचा_खांब
घातली होती. नाव सांगत नाही, चुलता आहे.

झाडाखालचा_वाचक
पुण्यातल्या टू-व्हीलरी सेल्फ-ऑर्गनायझिंगच आहेत की. थव्याचे तीन नियम असतात म्हणे, शेजाऱ्याला धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेने चला, घोळक्यात राहा. आमच्या चौकात तिसरा तेवढा पाळतात.

पन्नास_हर्ट्झ
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. हयात लोड डिस्पॅचमध्ये, म्हणजे ग्रीडवरच्या विजेचा ताळमेळ ठेवण्यात गेली. तुमच्या घरातला पंखा या क्षणी ज्यावर फिरतोय ती देशातली सगळ्यात मोठी अशी यंत्रणा आहे.
काश्मीर ते कन्याकुमारी प्रत्येक जनित्र एकाच तालात फिरतं. दक्षिणेची ग्रीड वेगळी होती, ती ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनीने जोडली. आता कुठेतरी मागणी वाढली तर सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली सरकते. प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर फक्त स्वतःचा वेग बघतो आणि त्या प्रमाणात वाफ किंवा पाणी उघडतो. ५ टक्के ड्रूप (वेग किती पडला की किती उघडायचं याचं प्रमाण) लावला असेल तर ०.१ हर्ट्झ पडल्यावर क्षमतेच्या ४ टक्के वाढवायचे, इतकं साधं. या सेकंदांच्या खेळात दिल्लीहून फोन येत नाही, येऊन उपयोगही नाही. माणसं नंतर येतात, उरलेला फरक भरून काढायला. तुमच्या मुंगीताईंचा वास तो हाच, फ्रिक्वेन्सी. फुकट मिळतो, देशभर एकच असतो आणि वायर टाकावी लागत नाही.
पैशातही हेच केलं होतं. १ जुलै २००२ पासून एबीटी (अव्हेलेबिलिटी बेस्ड टॅरिफ, विजेच्या दराची पद्धत) लागू झाली, सुरुवात आपल्या पश्चिम विभागातच. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर तिचा दर त्या १५ मिनिटांच्या फ्रिक्वेन्सीवर. फ्रिक्वेन्सी खाली तर वीज महाग, वर तर स्वस्त. त्याआधी आम्ही फोनवर राज्यांना विनवण्या करायचो, साहेब थोडं कमी ओढा, आणि पलीकडून 'हो हो, बघतो' यायचं. नंतर काटा बघून लोक आपले आपण कमी करायला लागले.
पण एक सांगतो, आंधळेपणाने भुलू नका. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रीड बसली, दुसऱ्या दिवशी सुमारे ६० कोटी लोक अंधारात. ३० ला पहाटे बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइन ट्रिप झाली तेव्हा फ्रिक्वेन्सी काही तळाला गेलेली नव्हती. दुखणं होतं ते लाइनीवरच्या बोज्याचं, आणि देशभर एकच असलेला आकडा हे सांगूच शकत नाही की कुठल्या लाइनीची नस फुगली आहे. खूण ज्या दुखण्याची असते तेवढंच ती बरं करते.
म्हणून तुमच्या डीपीला फ्रिक्वेन्सी उपयोगाची नाही. दुखणं स्थानिक, खूणही स्थानिक हवी. व्होल्टेज.

झाडाखालचा_वाचक
काका दंडवत. वाचनखूण साठवली.

बायटूकॉफी
+१ पन्नास काकांना. आमच्याकडचं उदाहरण टाकतो, कारण हा अगदी तोच आजार आहे.
ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेला इंटरनेट असंच बसलं होतं. दोन संस्था, मधे ४०० यार्ड, आणि त्यांच्यातला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला. म्हणजे आठशे पट कमी! कारण प्रत्येक मशीन पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पोचलं नाही की पुन्हा पाठवायचं, त्याने गर्दी वाढायची, अजून पॅकेटं पडायची, मग सगळे पुन्हा पाठवायचे. वाघसाहेबांचं 'एकमेकींचे पाय धरून बसतात' ते हेच. व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये उपाय मांडला. सुरुवात हळू करा, जमतंय तोवर थोडं थोडं वाढवा, पॅकेट पडलं की झटकन मागे या. वर पोलीस नाही, प्रत्येक मशीन आपल्यापुरतं बघतं. आजही तुम्ही हा धागा उघडता तेव्हा बहुतेक याच घराण्यातला नियम चालतो.
आणि जुन्या इथरनेटमध्ये तर सरळ फासे टाकायचे. तार मोकळी आहे का ऐका, मोकळी असेल तर बोला, दोघं एकदम बोलले तर प्रत्येकाने मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा आदळले तर थांबण्याची मर्यादा दुप्पट. तुमच्या मोटरींना हेच द्या, लाईट आल्यावर ० ते ५ मिनिटांत कुठलाही एक आकडा काढून तेवढं थांबायचं.

कडू_कारलं
फासे कशाला, चिठ्ठ्या टाका. एक नंबरची मोटर लगेच, दोन नंबरची २० सेकंदांनी, पंधरावी साधारण पावणेपाच मिनिटांनी. बाजारात डिले टायमर मिळतो. झालं.

काटेकोर
कारले बरोबर बोलतायत, पण मग ते सेल्फ-ऑर्गनायझिंग उरत नाही, टाइमटेबल होतं. शब्द जपून वापरूया. आणि आत्ता पंधरा मोटरी एकदम उचलतात तेही सेल्फ-ऑर्गनायझेशन नाही, ते एकच बटण पंधरा ठिकाणी दाबल्यासारखं आहे.
आणखी एक, आपोआप जुळणं म्हणजे भलंच होतं ही समजूत काढून टाका. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला. पूल किंचित आडवा हलला की चालणारे तोल सांभाळायला त्याच लयीत पाय टाकायचे, त्याने तो अजून हलायचा. कुणी ठरवलेलं नव्हतं. दोन दिवसांत बंद केला, सुमारे ९० डॅम्पर (हेलकावे शोषणारे) बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा उघडला. तिथे इंजिनिअरचं सगळं काम ही 'जुळवाजुळव' मोडण्याचंच होतं.

बायटूकॉफी
टाइमटेबलला माझी हरकत वेगळी आहे. उद्या सोळावी मोटर आली, किंवा कुणी तारेवर चोरून आकडा टाकला, की पुन्हा सगळ्यांनी जमून चिठ्ठ्या. फाशांना किती आहेत याची पर्वा नसते.

वायरमन_वाघ
पण फाशात दोघी एकदम येणारच की हो.

बायटूकॉफी
येणारच. पाच मिनिटं म्हणजे सहा सेकंदांचे ५० कप्पे धरले आणि १५ मोटरींनी आपापला कप्पा निवडला, तर दहातल्या नऊ रात्री कुठल्यातरी दोघी तरी एका कप्प्यात सापडतील. पण दोघींनी काय बिघडतं? १३ चालू असताना दोघी उचलल्या तर तुमच्याच हिशोबाने ९७ अधिक ९०, म्हणजे १८७ अँपिअर, तेही चार-पाच सेकंद. डीपी सहन करेल ना?

वायरमन_वाघ
करेल. हे मान्य.

राईनकाठ
जर्मनीतून. काटेकोरांनी पूल सांगितला, इकडे सोलरचं असंच झालं होतं. पूर्वीच्या नियमाप्रमाणे छतावरच्या इन्व्हर्टरना सांगितलेलं, फ्रिक्वेन्सी ५०.२ झाली की ग्रीडपासून सुटा. थोडी घरं होती तोवर ठीक. नंतर लाखो झाली, म्हणजे उन्हाच्या दिवशी काटा ५०.२ ला टेकला तर सगळी एका क्षणी सुटणार आणि ग्रीडला मोठा खड्डा. २०१२ मध्ये कायदा करून जुने सुमारे ३ लाख १५ हजार संच बदलायला घेतले, कुणी कितीवर सुटायचं ते वेगवेगळं किंवा हळूहळू उतरत जायचं. नियम चुकीचा नव्हता, सगळ्यांचा आकडा एकच होता एवढंच. तेव्हा धागाकर्ते, '३८० व्होल्टच्या वर गेलं की सुरू हो' असा एकच आकडा मोटरींना बसवाल त्या सगळ्या कंट्रोलच्या डब्यांत टाकू नका. सगळ्या ३८० ची वाट बघत बसतील आणि आलं की पुन्हा एकदम.

शिवडीची_सून
अवांतर: मुंबईचे डबेवाले कसे काय आले नाहीत अजून या धाग्यात?

काटेकोर
कारण त्यांच्यात मुकादम असतो, डब्यावर खुणा ठरलेल्या असतात, कोण कुठल्या स्टेशनात उतरवणार तेही ठरलेलं. शिस्तबद्ध आहेत, उत्तम आहेत, पण आपोआप नाहीत. हलके घ्या.

शिवडीची_सून
तुम्ही गाडी चुकलेली बघितली नाहीये. तेव्हा मुकादमाला विचारायला कुणी थांबत नाही, शेजारच्या टोळीचा माणूस डबे उचलतो. असो.

साक्रीकर
बरेच दिवस वाचतोय, आता लिहितो कारण सगळे व्होल्टेज व्होल्टेज करताहेत आणि धागाकर्त्याचं नाव 'शेवटचा_खांब' आहे हे कुणी बघतच नाहीये.
डीपीजवळच्या मोटरीला ४१० मिळत असेल तेव्हा शेवटच्या खांबाला ३७० मिळतं. 'व्होल्टेज बरं असेल तर सुरू हो' असा नियम केला की जवळचे रोज आधी आणि शेपटीचा रोज शेवटी. किंवा कधीच नाही. पाटाच्या पाण्याचं जे होतं तेच विजेचं. डबा मूर्ख नाही, नियम शेपटीवर अन्याय करणारा आहे.
आमच्या पांझरा नदीवर फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. बंधारा, पाट, आणि खाली जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. एका फडात त्या वर्षी एकच पीक. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, पगार शेतकरीच देतात. पण मला लहानपणापासून पटलेली गोष्ट वेगळी. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसायची, थोडी वरच्या, थोडी मधल्या, थोडी शेपटीच्या. दुष्काळात ठरवायचे, यंदा एकाच फडाला पाणी. मग सगळ्यांचाच एकेक तुकडा भिजायचा आणि सगळ्यांचेच बाकीचे वाळायचे. वरचा विरुद्ध खालचा हे भांडण लागायलाच जागा नाही. ज्याने आखणी केली त्याने माणसं सुधारायच्या भानगडीत न पडता जमीन तशी वाटली.
तुमच्या डब्यात असं काही करता येतं का बघा.

पन्नास_हर्ट्झ
साक्रीकर, नमस्कार घ्या. हे माझ्याकडून निसटलं होतं.
मग असं करा. व्होल्टेजची पातळी बघूच नका, फार खाली गेलं तर मोटर जळू नये एवढ्यापुरती फक्त राखा. बघायचं ते व्होल्टेज हलतंय का. दुसरी मोटर उचलताना खड्डा पडतो आणि चार-पाच सेकंदांत भरतो. खड्डा खांब एकवरही दिसतो आणि खांब शेवटवरही. नियम एवढाच: फासे टाकून थांब, वेळ झाली की बघ, दहा सेकंद व्होल्टेज स्थिर असेल तर सुरू हो, नसेल तर पुन्हा फासे.

बायटूकॉफी
म्हणजे 'तार मोकळी आहे का ऐका'. काकांनी इथरनेट पुन्हा शोधलं :)
यात एक भर घाला. डब्याने कालचं आठवायचं. काल मी चार मिनिटांनंतर लागलो असेन तर आज माझे फासे ० ते २ मिनिटांतले. काल लगेच लागलो असेन तर आज ० ते ५. कुणाला विचारायचं नाही, फक्त स्वतःची आठवण.

मुंगीताई
आणि ती आठवण दोन-तीन दिवसांनी पुसायची. मी म्हणाले होते ना, उडून जाऊ द्या.

कडू_कारलं
सगळं छान. एक माणूस डबा बसवणारच नाही. किंवा बसवून शून्य करून ठेवेल. तुमचा चुलता.

शेवटचा_खांब
दोन महिन्यांनी येतोय, उशीर झाला, मधे लग्नसराई.
सगळ्यांचे आभार. कॉलेजच्या दोन पोरांना धरून डबे बनवले. आत छोटा कंट्रोलर, व्होल्टेज बघायला लहान ट्रान्सफॉर्मर, आणि ऑटोच्या वायरीत एक रिले. पहिल्या खेपेला शहाणपणा करून ३८० चा आकडा घातलाच होता (राईनकाठ, साक्रीकर, शिव्या द्या), आणि पहिल्या रात्री माझ्या खांबावरच्या तीन मोटरी सकाळपर्यंत लागल्याच नाहीत. पोरं म्हणाली डबा बिघडला. डबा सांगितलं तेच करत होता. मग काकांचा 'हलतंय का' वाला नियम टाकला.
पंधरापैकी अकरा जणांनी बसवले. त्या रात्री एकला मी स्वतः डीपीखाली उभा होतो. लाईट आली, बिगरडब्याच्या चार मोटरी लगेच उचलल्या, बल्ब एकदा बसला आणि वर आला. मग नुसती शांतता, मला वाटलं गेलं सगळं. वीसेक सेकंदांनी ओढ्यापलीकडे एक लागली. मग खालच्या अंगाला एक. मग दोन पाठोपाठ, बल्ब जरा लवला. सहा मिनिटांत सगळ्या. डिओ जागेवर. तेव्हापासून डिओ एकदाच उडालाय, तोही वादळात झाडाची फांदी पडून.
आणि कारलेभाऊ, चुलत्याने नाहीच बसवला. उलट पारावर सांगत फिरतो, पोरांच्या डब्यांमुळे आपली मोटर आता एका दमात उचलते.

वायरमन_वाघ
चार चालतील. ४ गुणिले ४५, १८०. आठ झाले की ३६०, परत घुंऽऽ. तेव्हा चुलत्याचं बघून अजून चार जणांनी डबे काढले तर सांगू नका की मी बोललो नव्हतो.

साक्रीकर
एक विचारू? चुलत्याची सगळी जमीन डीपीजवळच आहे का, की शेपटीलाही आहे काही?

शेवटचा_खांब
आहे की. माझ्याच खांबावर, पोराच्या नावाने. ती मोटर अजूनही रडत उचलते. परवा आला होता, म्हणाला त्या मोटरीला तो डबा बसवून दे, ती जळायला नको.

कडू_कारलं
मग?

शेवटचा_खांब
म्हणलं देतो, पण डबे जोडीनेच मिळतात.